‘परलोक’ की ‘येणारे जग’? : ज्यू परंपरेतील मरणोत्तर जीवन आणि यिद्दिश साहित्यातील दोन न्यायालये

१

एका संस्कृतीची मृत्यूविषयीची कल्पना दुसऱ्या संस्कृतीच्या भाषेत आणताना जो शब्द सर्वांत सहज हाती येतो, तोच बहुधा सर्वांत फसवा असतो. ज्यू परंपरेतील ‘ओलाम हाबा’ या संज्ञेसाठी मराठीत ‘परलोक’ हा शब्द योजावा, असे कोणालाही वाटेल. शब्द रूढ आहे, भारदस्त आहे आणि अर्थाचा निर्वाह करतो असे वरवर दिसते. परंतु ‘लोक’ ही मूलतः स्थलवाचक कल्पना आहे. स्वर्गलोक, यमलोक, पितृलोक, वैकुंठलोक ही सारी ‘ठिकाणे’ आहेत. जीव इथून निघतो आणि तिथे पोचतो. ‘ओलाम’ या शब्दाचा बायबलच्या हिब्रूतील अर्थ मात्र ‘दीर्घ काळ’, ‘ज्याचा आदिअंत दिसत नाही असा काळ’ असा आहे. ‘जग’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. ‘हाबा’ म्हणजे ‘येणारा’. म्हणजे मूळ संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘येणारे जग’ असा होतो. इथे माणूस दुसऱ्या जगाकडे जात नाही. दुसरे जग माणसाकडे येते.

हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नाही. काही वर्षांपूर्वी तौलनिक साहित्याच्या तासाला इत्सखोक लेइबुश पेरेत्स (१८५२–१९१५) या यिद्दिश लेखकाची ‘बोन्चे श्वाइग’ (१८९४) ही कथा मी विद्यार्थ्यांसमोर ठेवली होती. आयुष्यभर मुकाट्याने सोसणारा एक हमाल मरतो, स्वर्गीय न्यायालयापुढे उभा राहतो आणि ‘हवे ते माग’ असे सांगितले गेल्यावर रोज सकाळी लोणी लावलेला गरम पाव मागतो. जवळजवळ सगळ्या वर्गाने या मागणीचा अर्थ ‘निरिच्छता’ असा लावला. बोन्चे त्यांना समाधानी भक्तासारखा, वैराग्याच्या आदर्शासारखा भासला. मात्र कथेच्या अखेरीस न्यायाधीश आणि देवदूत माना खाली का घालतात आणि फिर्यादी का हसतो, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशीही नव्हते. वाचन चुकले होते ते विद्यार्थ्यांच्या अनवधानामुळे नव्हे, तर त्यांच्या हाती असलेल्या ‘परलोक’ या संकल्पनेमुळे. परलोकात इहलोकाचे खाते मिटते, ही अपेक्षा त्यांनी कथेत नेली. आणि कथा तर खाते मिटत नाही हेच सांगत होती.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे : ज्यू परंपरेत मरणोत्तर जीवनाची कल्पना स्थळाच्या वर्णनातून नव्हे, तर एका अपुऱ्या राहिलेल्या दाव्यातून वाढली आहे. यिद्दिश साहित्याने तिचा उपयोग केला तोही सांत्वनासाठी नव्हे. तो दावा पुन्हा याच जगाच्या दारात आणून उभा करण्यासाठी.

२

हिब्रू बायबलच्या जुन्या स्तरांत मृतांचे ठिकाण ‘शेओल’ असे सांगितले आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘अधोलोक’ हा शब्द आला आहे. शेओल हे खाली, अंधारात, निःशब्द आहे. पण तिथे निवाडा नाही. सज्जन आणि दुर्जन, राजा आणि दास सारे तिथेच जातात. म्हणजे जिथे स्थळ आहे तिथे न्याय नाही, ही पहिली लक्षणीय गोष्ट. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात शौल राजा एन-दोर येथील स्त्रीकरवी मृत शमुवेलाला वर बोलावतो, तेव्हा शमुवेल प्रथम तक्रार करतो ती आपल्याला उठवून त्रास दिल्याची. मृतांना विचारणे तर धर्मशास्त्राने निषिद्धच ठरवले आहे. ईयोब झाडाशी माणसाची तुलना करतो आणि तोडलेल्या झाडाला पालवीची आशा असते, माणसाला ती नसते, असे कष्टाने म्हणतो. उपदेशकाच्या पुस्तकात तर माणसाचा प्राण वर जातो आणि पशूचा खाली, हे कोणाला ठाऊक आहे, असा उघड संशय आहे. या संहितांना मृत्यूनंतरच्या भूगोलात रस नाही.

पुनरुत्थानाचा निःसंदिग्ध उच्चार येतो तो दानिएलच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात. या पुस्तकाचा उत्तरार्ध इ. स. पू. १६५ च्या सुमाराचा, असे अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. अंतियोख चौथा या सेल्युकिड राजाने ज्यू धर्माचरणावर बंदी घातली होती आणि नियम पाळणारेच मारले जात होते. आज्ञापालनाचे फळ दीर्घायुष्य, हे जुने समीकरण इथे मोडले. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एक आई आपले सात मुलगे डोळ्यांदेखत मारले जाताना पाहते आणि मुलगे मारेकऱ्यांना सांगतात की, हे अवयव ज्याने दिले तोच ते परत देईल. पुनरुत्थान देहाचेच का हवे, याचे उत्तर या प्रसंगात आहे. छळ देहाचा झाला. परतफेडही देहाचीच हवी. आत्मा अमर आहे एवढ्याने तो हिशेब भागत नाही. ही श्रद्धा जन्माला आली ती मृत्यूच्या भयातून नव्हे, तर अन्यायाच्या असह्यतेतून, असे म्हणता येईल.

३

पुढील काळात परूशी पंथाने ही श्रद्धा स्वीकारली, सदूकींनी नाकारली. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाच्या ‘सान्हेद्रिन’ या प्रकरणात ‘येणाऱ्या जगा’त सर्व इस्राएलाला वाटा आहे असे म्हटले आहे आणि लगेच तो वाटा कोणाला नाही याची यादी दिली आहे. मृतांचे पुनरुत्थान तोराला मान्य नाही, असे म्हणणारा त्या यादीत आहे. विधानापाठोपाठ अपवाद येतात, याचाच अर्थ वाद जिवंत होता. वाटा आहे हे सांगितले. तो कसा असेल हे मात्र सांगितले नाही.

वर्णने आलीच नाहीत असे नव्हे, परंतु ती एकमेकींना छेदत राहिली. तालमूदमध्ये एका ठिकाणी नीतिमानांसाठी लिव्याथान या महाकाय जलचराच्या मांसाची मेजवानी आहे. दुसऱ्या ठिकाणी, ‘बेराखोत’ या प्रकरणात, राव या आचार्यांच्या तोंडी असे वचन आहे की, येणाऱ्या जगात खाणेपिणे नाही, व्यापार नाही, मत्सर नाही. नीतिमान मस्तकी मुकुट घालून दैवी तेजाचा आनंद घेत बसतील. मेजवानी आणि उपवास या दोन प्रतिमा एकाच ग्रंथपरंपरेत शेजारी शेजारी राहिल्या; कोणीही एकीने दुसरीला हद्दपार केले नाही.

बाराव्या शतकात मायमोनिडीझने या दोहोंतील दुसरी प्रतिमा तत्त्वज्ञानाच्या पातळीवर नेली. येणाऱ्या जगात देहच नाही, असे त्याने आपल्या धर्मसंहितेत लिहिले. मग पुनरुत्थानाचे काय, असा आक्षेप आला. मिश्नावरील आपल्या भाष्यात श्रद्धेची जी तेरा तत्त्वे त्याने मांडली होती, त्यांतील तेरावे पुनरुत्थानाचेच होते. तरीही ११९१ मध्ये त्याला त्यावर स्वतंत्र प्रबंध लिहून खुलासा करावा लागला. तेराव्या शतकात नाखमानिडीझने उलट भूमिका घेतली : येणारे जग म्हणजे पुनरुत्थानानंतरचे जग, आणि त्यात देह असेल.

इथे आमच्या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. मायमोनिडीझ स्पष्टच म्हणतो की, ते जग आज नाही म्हणून त्याला ‘येणारे’ म्हटलेले नाही. ते आहेच, परंतु माणसाला ते या आयुष्यानंतर लाभते, म्हणून ते ‘येणारे’. मग ते परलोकच झाले की! परंतु हा खुलासा करण्याची गरज त्याला भासली, हेच महत्त्वाचे. शब्दातील कालवाचकता इतकी ठसठशीत होती की स्थिर, कालातीत अवस्थेचा अर्थ लावणाऱ्याला आधी तिच्याशी झगडावे लागले. आधुनिक काळातही वाद संपला नाही. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात देहाचे पुनरुत्थान, एदेन आणि गेहिन्नोम या कल्पना नाकारल्या, आत्म्याचे अमरत्व ठेवले. आणि त्याच प्रवाहाच्या २००७ च्या प्रार्थनापुस्तकाने मृतांना जिवंत करणाऱ्याचा जुना शब्दप्रयोग पर्याय म्हणून पुन्हा छापला.

या अनिश्चिततेचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘कद्दिश’. मृताच्या नावे मुलगा ही अरामी प्रार्थना म्हणतो. तीत मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही. तीत आहे ईश्वराच्या नावाची थोरवी आणि त्याचे राज्य लवकर यावे ही इच्छा. मिश्नाप्रमाणे गेहिन्नोममधील दुष्टांचा निवाडा बारा महिने चालतो. म्हणून आईवडिलांसाठी कद्दिश अकरा महिनेच म्हणण्याचा प्रघात पडला. बारा महिने म्हणणे म्हणजे ते दुष्ट होते अशी कबुली देणेच झाले असते. परलोकाचे कालमापन इथे जिवंतांच्या सौजन्याने ठरले आहे.

४

आता पेरेत्सच्या कथेकडे वळू. बोन्चेचे आयुष्य ही वजाबाक्यांची मालिका आहे. त्याला मजुरी मिळत नाही, तो गप्प राहतो. ज्याचा जीव तो वाचवतो तोच त्याची मजुरी बुडवतो आणि पुढे त्याला गाडीखाली चिरडतो. तो गप्प राहतो. बायको सोडून जाते, वाढवलेले मूल मोठे होऊन त्यालाच घराबाहेर काढते, तो गप्पच. त्याच्या थडग्यावरची फळीसुद्धा वाऱ्याने उडून जाते आणि चुलीत जळते. त्याच्यासाठी कद्दिश म्हणणारा कोणी असल्याचे कथा सांगत नाही.

स्वर्गात मात्र त्याच्या आगमनाचा गजर होतो. आदिपिता अब्राहम वेशीवर स्वागताला उभा असतो, सोन्याचे आसन मांडले जाते, बचावाचा देवदूत त्याच्या दुःखांची यादी वाचतो. फिर्यादी उठतो आणि म्हणतो की, हा गप्प राहिला, मीही गप्प राहतो. न्यायाधीश बोन्चेला सांगतात की, खालच्या असत्याच्या जगात त्याच्या मौनाची किंमत झाली नाही, पण इथे सत्याच्या जगात सारे त्याचेच आहे. त्याच भाषणात आणखी एक वाक्य सहज येते आणि वाचकाच्या नजरेतून निसटण्याची शक्यता असते. तो एकदा ओरडला असता तर यरिहोच्या भिंती कोसळल्या असत्या, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते, असे न्यायाधीश म्हणतात.

या वाक्याने स्तुतीचा पाया हलतो. न्यायालय ज्या मौनाला पुरस्कार देते आहे, ते मौन म्हणजे न वापरलेले सामर्थ्य होते. यानंतर येते गरम पावाची मागणी. रावच्या वचनाची पार्श्वभूमी ठेवून पाहिले तर तिची विसंगती तीव्र होते. ज्या जगात खाणेपिणेच नाही, तिथे बोन्चे न्याहारी मागतो. लिव्याथानच्या मेजवानीची कल्पनाही त्याला शिवत नाही. दोन्ही शास्त्रीय प्रतिमा त्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, कारण या जगात त्याला जे रोज मिळायला हवे होते तेच त्याला कधी मिळाले नाही. स्वर्ग त्याला सर्व काही देऊ शकतो. परंतु मागण्याची क्षमता देऊ शकत नाही. ती इथेच, या जगातच खुडली गेली आहे. म्हणून माना खाली जातात. फिर्यादीचे हसणे हाच कथेतील खरा युक्तिवाद आहे : त्याने मागे ठेवलेला आरोप बोन्चेने स्वतःच सिद्ध केला. हा आरोप बोन्चेवर आहे, त्याला असे घडवणाऱ्या जगावर आहे आणि फार उशिरा जागे होणाऱ्या स्वर्गावरही आहे.

बोन्चेला संत मानणारे वाचन म्हणूनच केवळ अपुरे नाही, ते नैतिकदृष्ट्या धोक्याचे आहे. कारण ते अन्यायाला सद्गुणाचे नाव देते. याच दशकात पेरेत्स वॉर्सातील ज्यू कामगारांच्या चळवळीच्या निकट होता आणि १८९९ मध्ये त्याला त्यासाठी तुरुंगवास घडला, हे लक्षात घेतले तर कथेतील उपरोधाची दिशा अधिक स्पष्ट होते. परंतु त्यासाठी चरित्राचा आधार अनिवार्य नाही. संहिता स्वतःच ते सांगते.

५

श. आन-स्की (१८६३–१९२०) यांच्या ‘दिब्बुक’ या नाटकात हीच रचना उलटी होते. नाटकाचे दुसरे नाव ‘दोन जगांच्या दरम्यान’ असे आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर महिनाभराने, डिसेंबर १९२० मध्ये, विल्ना मंडळीने ते वॉर्सात प्रथम सादर केले. १९२२ मध्ये बियालिकच्या हिब्रू अनुवादातून वाख्तान्गोवने ते मॉस्कोत हबीमासाठी उभे केले. खोनेन हा गरीब विद्यार्थी लेआच्या विवाहाची बातमी ऐकून मरतो आणि तिच्या देहात शिरतो. पछाडल्याची ही कथा सर्वपरिचित आहे. समीक्षेत तुलनेने कमी लक्ष वेधले जाते ते तिच्यातील खटल्याकडे.

खोनेनचा मृत बाप निस्सेन शहराच्या रब्बीच्या स्वप्नात येतो आणि लेआचा बाप सेंदर याच्यावर दावा लावतो. दोघा मित्रांनी तरुणपणी वचन दिले होते की, एकाला मुलगा आणि दुसऱ्याला मुलगी झाली तर त्यांचा विवाह करायचा. सेंदर श्रीमंत जावयाच्या शोधात ते विसरला. मृताला पडद्यामागे बसवून मिरोपोलच्या रब्बीपुढे सुनावणी होते. पेरेत्सच्या कथेत माणूस मेल्यावर वरच्या न्यायालयात जातो. इथे मेलेला माणूस खालच्या न्यायालयात येतो. पृथ्वीवरील व्यवहाराचा निकाल पृथ्वीवरच लागला पाहिजे, असा या रचनेचा आग्रह दिसतो.

निवाड्यातील कायदेशीर पेच तर फारच सूचक आहे. जे अद्याप अस्तित्वात आलेले नाही त्याविषयीचा करार शास्त्राप्रमाणे बंधनकारक होत नाही. आणि वचन दिले तेव्हा मुले जन्मलेली नव्हती. तालमूदी कायद्यात या तत्त्वाचे नाव ‘जगात न आलेली वस्तू’ असे आहे आणि त्या हिब्रू नावात ‘येणे’ व ‘ओलाम’ हे तेच दोन शब्द आहेत, ज्यांनी ‘ओलाम हाबा’ ही संज्ञा घडली. न जन्मलेल्यांचा हक्क कायदा मानत नाही. परंतु मेलेल्याची फिर्याद तो ऐकतो. न्यायालय या पेचातून एक तडजोड काढते : सेंदरने अर्धी संपत्ती गरिबांना द्यावी आणि निस्सेन व त्याच्या मुलासाठी आयुष्यभर कद्दिश म्हणावा. मृताने क्षमा करावी अशी विनंती होते. पडद्यामागून ‘आमेन’ येत नाही.

बोन्चेची मागणी आणि निस्सेनचे मौन हे एकमेकांचे प्रतिबिंब आहेत. एका खटल्यात वादी फार थोडे मागतो, दुसऱ्यात वादी भरपाई स्वीकारत नाही. दोन्हीकडे निकाल लागतो आणि न्याय होत नाही. ‘दोन जगे’ नावाच्या स्थळांना जोडणारा धागा इथे एकच आहे, तो म्हणजे न फिटलेले देणे.

६

भारतीय वाचकाला इथे दोन समांतर गोष्टी आठवतील. पहिली पुनर्जन्माची. ज्यू गूढवादात ‘गिलगूल’ म्हणजे आत्म्याच्या पुन्हा देह धारण करण्याची कल्पना आहे. दहाव्या शतकात सादिया गाओनने ती स्पष्टपणे फेटाळली होती. बाराव्या शतकातील ‘बाहिर’ या ग्रंथापासून ती कब्बालात आली आणि सोळाव्या शतकात सफेद येथील इत्सहाक लुरियाच्या शिष्यवर्गात तिला सविस्तर रूप मिळाले. साम्य खरे आहे, परंतु प्रयोजन वेगळे आहे. तिथे फेरा हे मूळ बंधन नाही आणि त्यातून सुटका हे अंतिम ध्येय नाही; राहून गेलेली आज्ञा पुरी करण्यासाठी, मोडलेले दुरुस्त करण्यासाठी मिळालेली ती संधी आहे. म्हणजे गिलगूलही पुन्हा अपुऱ्या कामाकडेच बोट दाखवतो. मुक्तीपेक्षा भक्तीसाठी पुन्हा जन्म मागणारे आपले वारकरी संत या कल्पनेला मोक्षशास्त्रापेक्षा कदाचित अधिक जवळचे ठरावेत.

दुसरी गोष्ट चित्रगुप्ताच्या वहीची. ज्यू परंपरेतही वर्षारंभी उघडल्या जाणाऱ्या तीन पुस्तकांची कल्पना आहे. तेव्हा हिशेबाची प्रतिमा केवळ आपली आणि युक्तिवादाची केवळ त्यांची, अशी विभागणी करणे चूक ठरेल. भेद आहे तो भर कशावर आहे याचा. चित्रगुप्ताच्या वहीशी वाद घालायला जागा नाही. नोंद हेच प्रमाण. पेरेत्स आणि आन-स्की यांच्या न्यायालयांत नोंद अपुरी आहे, साक्ष हवी आहे, आणि निकालानंतरही प्रश्न विचारता येतो.

७

मराठीला ही परंपरा परकी नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बायबलमधील आख्याने कीर्तनाच्या रूपाने मराठीत आणली. त्यांच्या ‘मलिदा’ या विधीत एलियाहू हन्नाबीचे स्मरण होते आणि अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी या समाजाची श्रद्धा आहे. हा एलिया मेलेला नाही. अग्निरथातून तो जिवंत वर गेला आणि तारणाऱ्याच्या आधी तो परत येणार आहे. मृत्यूच्या पलीकडे काय आहे, याचे वर्णन तो करत नाही. तो फक्त ‘येणारा’ आहे. खोबरे आणि गूळ घातलेल्या पोह्यांचे ताट त्याच्या नावे मांडणाऱ्या मराठी माणसांना ‘ओलाम हाबा’चा कालवाचक अर्थ कोशात शोधावा लागला नसावा.

म्हणूनच ‘परलोक’ या शब्दाविषयीचा आमचा आक्षेप हा शुद्धतेचा हट्ट नव्हे. शब्द बदलला की वाचन बदलते. ‘परलोक’ म्हटले की बोन्चे सुखरूप पोचतो आणि आपण सुटतो. ‘येणारे जग’ म्हटले की ते अजून आलेले नाही, हे मान्य करावे लागते. तौलनिक अभ्यासात मूळ संज्ञा ‘ओलाम हाबा’ अशीच ठेवावी आणि तिच्या पहिल्या उल्लेखापाशी ‘येणारे जग’ हा अर्थ द्यावा, ही सूचना त्यासाठीच. गरम पाव मागणाऱ्या हमालाला आपण निरिच्छ म्हणतो तेव्हा त्याने न मागितलेल्या सर्व गोष्टी आपण आपल्या ताटात ठेवून घेतलेल्या असतात. फिर्यादीचे हसणे बहुधा त्यालाही उद्देशून आहे.